माझ्या वाट्याचा उंदीर

कोलेबाबाजींकडे कोणी शिकायला गेलं की ते आधी चहा पाजत. पाजत म्हणजे काय, उकळता काळा चहा स्टीलच्या पेल्यात ओतून समोर ठेवत आणि मग त्या माणसाकडे बघत बसत. बोलत काहीच नसत. पेला हातात धरवत नाही, समोर म्हातारा टक लावून बसलेला, आणि विषय काढायची सोय नाही. अशा वेळी माणूस जे काही करतो त्यावरून ते त्याचा अंदाज घेत. हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर तीन फुंकरा मारून तो चहा मी सुर्रकन ओढला नसता, आणि जीभ भाजलेली असताना वर 'मस्त आहे चहा' असं म्हटलंही नसतं.

आमच्याकडे कोल्ह्याला कोला म्हणतात. बाबाजी कोल्ह्यांना हाक मारून बोलावत आणि ते येत, म्हणून ते कोलेबाबाजी. मतदार यादीत त्यांचं काही दुसरं नाव असेल, पण त्या नावाने विचारत आलेल्या माणसाला गावात कोणी त्यांचं घर दाखवलं नसतं. नवेगाव बांध या आमच्या गावात, धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरं संपून झुडपी जंगल सुरू होतं, तिथे त्यांच्या दोन खोल्या होत्या. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी तिरोड्याला दिलेली. तरुणपणी ते बाहेरगावच्या शिकाऱ्यांबरोबर जात. बाबाजींनी हाक मारायची, कोला यायचा, शिकाऱ्याने बार काढायचा. पुढे कायदा आला, शिकार बंद झाली, शिकारी यायचे थांबले. हाक तेवढी बाबाजींच्या तोंडात राहून गेली. "बंदूक त्यायची होती, तोंड माझं होतं," एवढंच ते त्या दिवसांबद्दल सांगत, आणि विषय बदलत.

मी त्यांच्याकडे गेलो तो फोटोसाठी. बाजारओळीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, आधार कार्डाचे फोटो यांत वर्ष जातं. पण दुकानाच्या दर्शनी भिंतीवर एक जिवंत, रानातला, माझ्या हातचा कोल्हा लावायचा असं माझ्या मनाने घेतलं होतं. कापलेल्या धानाच्या बांधीत, दवात उभा असलेला, थेट कॅमेऱ्यात बघणारा. सकाळी कोल्ह्याचं तोंड बघितलं की दिवस चांगला जातो म्हणतात, तर गिऱ्हाईकाला रोज ते तोंड दिसेल, असाही एक धंदेवाईक विचार त्यात होताच.

बाबाजींच्या हाका चार. पहिला उंदीर: मुठीच्या पाठीला ओठ लावून हवा आत ओढायची, की बारीक चिकचिक होते. दुसरा ससा: पळसाचं पान दोन अंगठ्यांत ताणून फुंकायचं. तिसरं पिल्लू: बोटभर लांबीची बांबूची पिपाणी, तिच्यातून संकटात सापडलेल्या कोल्ह्याच्या पिल्लाची किंकाळी निघायची. आणि चौथी कुई, नुसत्या गळ्याची, जी ऐकून पलीकडची टोळी उत्तर द्यायची. उंदीर पन्नास पावलांवर विरतो. ससा चार बांध्या ओलांडतो. पिल्लू मात्र बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पलीकडल्या काठावरून कोल्ह्याला धावत आणतं. नवशिक्याला कोणती हाक द्यायची ते बाबाजी ठरवत, आणि दिलेली हाक बदलून मागायची नसे.

मला उंदीर मिळाला.

दोन हिवाळे मी मुठीचे मुके घेत बसलो. माझ्या उंदराला भुलून एक बोका आला, दोनदा मुंगूस आलं, एकदा शेजारच्या शेतातल्या माणसाचं कुत्रं येऊन माझ्या मांडीवर पाय ठेवून उभं राहिलं. कोल्हा काकडीला राजी म्हणतात. इथे कोल्हा राजी नव्हताच, मीच काकडीवर राजी होऊन बसलो होतो. बाबाजी सोबत असले की पिपाणी ते स्वतः वाजवत. दोनदा फुंकत आणि थांबत. इतके थांबत, की मला वाटे म्हातारा झोपला. मग कोल्हा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन उभा राही, कान टवकारून, पुढे येऊ की नको अशा विचारात. तेव्हा बाबाजी पिपाणी खिशात टाकून हळूच मूठ तोंडाशी नेत आणि उंदीर काढत. मला वाटे, माझी समजूत घालायला काढतात. इतक्या अंतरावरून फोटो काही मनासारखा येत नसे. मी पिल्लू मागितलं की ते म्हणत, "उंदीर झाला का तुझा?" मी म्हणे, झाला. ते म्हणत, "नाई झाला."

हे सगळं मी सोसलं असतं. पण दुसऱ्या हिवाळ्यात माझी बायको वनिता एकदा माझा विसरलेला डबा घेऊन तिथे आली.

बाबाजींनी तिला चहा दिला. तिने पेला उचलला, चटका बसला तशी शेणाने सारवलेल्या ओट्यावर ठेवला, आणि त्याच वेळी मागच्या बोरीवर कुठलासा पक्षी ओरडायला लागला तिकडे बघत बसली. बघतच बसली. चहा विसरली. वनिता बोदलकशाच्या तलावाकाठची, लहानपणी बापाच्या शेताच्या राखणीला दिवसदिवस एकटी बसलेली. तिला गप्प बसण्याचं ओझं वाटत नाही. चहावर साय धरावी तसा पापुद्रा धरला तरी तिचं लक्ष नाही. बाबाजी उठले, आत गेले आणि पिपाणी घेऊन आले. "बाई, हे तू घे," म्हणाले.

दोन वर्षं मी त्या अंगणात बसत होतो. पावसाळ्याआधी त्यांच्या घरावर चढून कवेलू, म्हणजे कौलं, मीच फेरले होते. आणि ही बाई डबा घेऊन येते काय, पिपाणी घेऊन जाते काय. मला तिचा इतका हेवा वाटला की डब्यातली वांग्याची भाजी मला त्या दिवशी कडू लागली, आणि भाजी मुळीच कडू नव्हती.

घरी ती कधी सरावही करत नसे. ब्लाउज शिवता शिवता मधेच मशीन थांबवायची, पिपाणी काढायची, एकदा फुंकायची आणि परत टाके घालायला लागायची. मी दार लावून मागच्या खोलीत हात सुजेपर्यंत उंदीर काढत होतो. रविवारी ती माझ्याबरोबर यायला लागली. 'माझ्याबरोबर' हा शब्द मी सवयीने वापरतोय; खरं म्हणजे ती बाबाजींबरोबर जायची आणि मी मागून कॅमेऱ्याची बॅग घेऊन. तिची पिपाणी वाजवून झाली की बाबाजी "हो" म्हणत. किती वेळा म्हणत ते मी मोजलं आहे, यावरून माझी अवस्था ओळखावी. मला दोन वर्षांत त्यांनी एकदाही "हो" म्हटलं नव्हतं. मी वनिताला म्हणालो की पिल्लू वाजवणं काय, कोणालाही जमेल, खरी कला उंदरात आहे. ती म्हणाली, "मंग तुमाले कायले पायजे पिल्लू?" मी जेवणावरून उठून गेलो.

बाबाजींचा एक नियम होता. शिमग्यापासून जेठापर्यंत पिल्लू वाजवायचं नाही. त्या दिवसांत बिळात खरी पिल्लं असतात. शिमग्याच्या आदल्या दिवशी ते पिपाणी फडक्यात बांधून ठेवून देत. त्या वर्षी मात्र फागुनातच त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मुलगी त्यांना तिरोड्याला घेऊन गेली. जाण्याआधी त्यांनी वनिताकडून पिपाणी मागून घेतली, फडक्यात बांधली आणि परत तिच्या हाती दिली. ती तिने मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनच्या डबीशेजारी ठेवली. ड्रॉवरला कुलूप नव्हतं. माझ्यापासून कुलूप लावावं असं तिला वाटलं नसेल.

चैतातल्या एका सकाळी, ती अंगण झाडत होती तेवढ्यात, मी ती पिपाणी काढली आणि कॅमेरा घेऊन निघालो.

बोडीच्या पाळीखाली, मातीच्या बांधाखाली, सिंदीच्या झुडपात एक बीळ होतं. ते बाबाजींनीच मला लांबून दाखवलं होतं, आणि या दिवसांत तिकडे फिरकायचं नाही असंही बजावलं होतं. मी साठ-सत्तर पावलांवर एका मोहाच्या झाडाच्या आडोशाला बसलो आणि पिपाणी फुंकली. बाबाजी दोनदा फुंकत, मीही दोनदाच फुंकली. त्या बिळातली मादी आली. समोरून, उजेडात, बाबाजींच्या हाकेवरही कुठला कोल्हा कधी आला नसेल इतक्या वेगाने. माझ्यापासून दहा हातांवर येऊन थांबली. तिचे आचळ दुधाने भरलेले होते. मी फोटो काढला. आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो तो, हे बटण दाबतानाच मला कळलं होतं.

तिथे थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, नरही येईल, दोघं एका फोटोत मिळतील. मी आणखी पाच-सहा वेळा फुंकली, जोर लावून.

मोहफुलांचे दिवस. पाळीच्या पलीकडे चार बाया टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या, आणि बाया जातात तिथे गावची कुत्री जातात. माझी पिपाणी कुत्र्यांनीही ऐकली. ती पाळीवरून उतरली आणि वासावर सरळ बिळाकडे गेली. मादी वळली, पण ती माझ्यापाशी होती आणि कुत्री बिळापाशी. मग किंकाळी ऐकू आली. पिपाणी माझ्या हातात होती, तोंडात नव्हती.

मी ओरडत धावलो. बायांनी दगड मारले. कुत्री हटली तेव्हा एक पिल्लू बाहेर पडलेलं होतं, मूठभर, मातीच्या रंगाचं, मान मोडलेलं. मी ते मोहाखाली पुरलं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर बीळ रिकामं होतं. उरलेली तिने हलवली असणार. किती उरली होती, मला माहीत नाही.

पिपाणी मी पुसून ड्रॉवरमध्ये ठेवली. आणि आठवड्याने तो फोटो मोठा करून स्टुडिओत लावला. मला फार वाईट वाटत होतं, आणि तरी मी फोटो लावला. दोन्ही खरं आहे. लोक थांबून बघत होते. तिरोड्याहून परत आल्यावर बाबाजींनीही बघावा, पिपाणी कोणाला द्यायला हवी होती ते त्यांना कळावं, असं मला त्या पिल्लावर माती लोटल्यानंतरही वाटत होतं. हेवा माणसाला किती खाली नेतो, ते मला पुस्तकात वाचावं लागलेलं नाही.

वनिताने फोटो बघितला. घरी जाऊन ड्रॉवर उघडला, फडक्याची गाठ बघितली. संध्याकाळी भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "बाबाजी आले का तुमीच त्यायले सांगा. मी नाई सांगनार."

बाबाजी वैशाखात आले. डोळ्यावर काळा चष्मा, हातात काठी. बसमधून उतरून घरी जायच्या आधी ते माझ्या दुकानात शिरले. मी खुर्ची दिली, शेजारून चहा मागवला. ते उठून फोटोजवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि नव्या डोळ्याने बराच वेळ बघत राहिले. फोटोत तिच्या पायाशी मोहाची फुलं पडलेली दिसत होती. महिना कोणता, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"हे पाहाले नाई आली गा," ते म्हणाले. "हे धुंडाले आली."

मी काउंटर पुसायला लागलो.

"मंग तू थांबला?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो. आणि सगळं सांगितलं, कुत्र्यांचं, बायांचं, मोहाखालच्या खड्ड्याचं. मला वाटलं आता काठी तरी उगारतील, नाहीतर थुंकून निघून तरी जातील. ते खुर्चीत येऊन बसले. चहा आला होता, तो त्यांनी तसाच समोर ठेवला.

"मी तुज्यापेक्षा चांगला फुकत होतो," ते म्हणाले. "म्हनून त्या शिकाऱ्यायनं मले पयल्याच दिवशी पिल्लू देल्लं. फुकत गेलो. कोले भरोशानं येत गेले. मले कोनी उंदीर नाई देल्ला गा."

मग म्हणाले, "तुले चाय पेताना पायलं आन मले मीच दिसलो. बाई थांबते. तिले शिकवाचं काई नवतं. शिकवाचं तुले होतं."

दोन वर्षं मी ज्याची वाट बघितली, ते मला त्या दिवशी मिळालं होतं. म्हाताऱ्याचा शिष्य मी होतो, वनिता नव्हे. आणि ते मला अशा वेळी मिळालं, की घरी जाऊन तिला टेचात सांगायचीही सोय उरली नाही. मी फोटो उतरवून फाडायला निघालो तर त्यांनी हात धरला. "फाडू नोको. दुकानातला काढ आन घरी लाव. तुले दिसली पायजे ते." तो फोटो आता आमच्या जेवणाच्या जागेसमोर आहे. पाहुणे विचारतात, एवढा छान फोटो दुकानात का नाही लावला. मी काहीतरी सांगतो.

त्या पावसाळ्यात बाबाजींची छाती कफाने भरायला लागली आणि मुलीने त्यांना कायमचं तिरोड्याला नेलं. आम्ही दोघं बसवर सोडायला गेलो. वनिता त्यांच्या पाया पडली, तेव्हा म्हणाले, पिपाणी तुझ्यापाशीच राहू दे. मी पाया पडलो, तेव्हा काहीच म्हणाले नाहीत. बस सुरू झाली, आणि खिडकीतून त्यांनी माझ्याकडे बघत मूठ तोंडाशी नेली. इंजिनच्या आवाजात उंदीर काही ऐकू आला नाही, नुसते ओठ हललेले दिसले. वनितालाही तसं करतात का, हे मी डोळ्यांत पाणी असताना नीट बघून घेतलं. नाही केलं. भादव्यात ते गेल्याचा फोन आला.

या हिवाळ्यात कोल्ह्यांवर अभ्यास करणारी दोन मुलं बाहेरून आली. हाक मारून कोण बोलावतं, असं त्यांनी गावात विचारलं. गावाने त्यांना माझ्या दुकानावरून पुढे नेऊन वनिताच्या शिलाई मशीनपाशी उभं केलं. मला राग आला. तो यायचाच होता, मी त्याला बसायला जागा दिली आणि बॅग भरायला घेतली.

दव पडलेलं होतं. कापलेल्या बांधीच्या कडेला आम्ही चौघं बसलो. वनिताने दोनदा फुंकलं आणि पिपाणी मांडीवर ठेवली. बऱ्याच वेळाने समोरच्या धुऱ्यावर कोल्हा आला. नर होता, अंगावर हिवाळ्याची भरलेली लव, तोंड सरळ आमच्याकडे. पन्नासएक पावलं. तिथेच थांबला, पुढे येऊ की नको करत. वनिताने माझ्याकडे बघितलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पिल्लू लांबून आणतं, पण शेवटची पन्नास पावलं त्याच्याने होत नाहीत. तिथून पुढे उंदीरच लागतो. बाबाजी माझी समजूत घालायला तो काढत नव्हते. लांबची हाक तिला आणि जवळची हाक मला, असा तो हिशेब होता, आणि मी दोन वर्षं तो अपमान समजून कुढत होतो.

मी मूठ तोंडाशी नेली. ओठ टेकवले. माझा उंदीर झाला होता, हे मला त्या क्षणी अगदी पक्कं ठाऊक होतं. तो आला असता. ती मुलं त्याला बघत होतीच, आणखी जवळ आणून काय करायचं होतं? मी मूठ खाली घेतली. कोल्हा आणखी थोडा वेळ उभा राहिला, मग वळला आणि आपल्या वाटेने, न धावता, पळसांत गेला.

"हो," वनिता म्हणाली. अगदी हळू, अगदी त्यांच्यासारखं.

तिने थर्मासमधला चहा ओतला. मी माझा पेला खाली ठेवला आणि पळसांकडे बघत बसलो, तो पार गार होईपर्यंत. मग प्यायलो. मुळीच चांगला लागला नाही. आणि शेजारी तिने तिचा चहा माझ्याआधी संपवला की तिचा अजून तसाच आहे, हे मी एकदा वाकून पाहिलं.